वानखडेकाकूंचा हात

"तुझ्या नावात भोकं किती?"

वानखडेकाकूंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नोकरीसाठी जयपूरला येऊन मला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. राजा पार्कात एका पंजाबी कुटुंबाच्या गच्चीवरची खोली घेतली होती. मागच्या गल्लीत एक मराठी जोडपं राहतं असं कळलं, तशी वरणभाताच्या आशेनं मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. नाव सांगितलं, मृण्मयी. माझं नाव ऐकून लोक साधारणपणे "अर्थ काय?" असं विचारतात, आणि जयपूरचे लोक "फिर से बोलिए" म्हणतात. काकूंनी डोळे मिटले, बोटानं हवेत काहीतरी गिरवलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "चार. गाठी भरीव ठेवल्या तर चार. तुझ्या आईवडलांनी नाव ठेवताना करवतीचा काही विचार केला नाही बाप्पा." आणि मग, "जेवली का?"

भोकांचा उलगडा वरणभातानंतर झाला. मागच्या व्हरांड्यात एक यंत्र होतं. वानखडेसाहेब त्याला स्क्रोल सॉ म्हणत, काकू नुसतं मशीन म्हणत. दिसायला शिवणयंत्राच्या भावकीतलं. सुईच्या जागी केसासारखं बारीक पातं खाली-वर होतं आणि कापडासारखं लाकूड हातानं फिरवायचं. त्यावर काकू लोकांची नावं कापत. अक्षरात जिथं बंद जागा असेल तिथं आधी गिरमिटानं भोक पाडायचं, पातं सोडवून त्यातून ओवायचं, परत ताणायचं, आतला तुकडा काढायचा. म्हणजे जितकी भोकं तितकी उस्तवार. काकू माणसाचं नाव ऐकत ते असं.

मशीन आणलं होतं खरं वानखडेसाहेबांनी. ते विमा कंपनीतून निवृत्त झाले. अमरावतीच्या उन्हाळ्यात आणि जयपूरच्या उन्हाळ्यात निवडण्यासारखं काही नाही, पण इथली कोरडी हवा गुडघ्यांना मानवते असं म्हणून इथंच राहिले. निवृत्त माणसाला छंद हवा असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. पहिल्याच दिवशी दारासाठी 'वानखडे' कापायला बसले. 'वा' कापून होईपर्यंत दोन पाती मोडली, कंबर धरली, आणि छंद संपला. तो 'वा' डाव्या अंगाला असा कलला होता की काय सांगावं! दुसऱ्या दिवशी साहेब वर्तमानपत्र वाचत असताना काकू मशीनवर बसल्या आणि संध्याकाळपर्यंत उरलेलं नाव कापून मोकळ्या झाल्या.

माझा असा समज होता की त्यांनी 'वा' फेकून नवा कापला असेल. दारावरची पाटी नीट बघितली तेव्हा कळलं. साहेबांचा 'वा' तसाच होता, आणि पुढची 'न', 'ख', 'डे' ही अक्षरंही काकूंनी त्याच अंगाला, तितकीच कलती काढली होती. पाहणाऱ्याला वाटावं, ही एक तऱ्हाच आहे अक्षरांची. मी हसले तर काकू म्हणाल्या, "हसते काहून? एकाचं वाकडं दिसू नये म्हणून बाकीच्यांनी थोडं वाकावं लागते."

हे वाक्य मी तेव्हा मैत्रिणींना पत्रात लिहून कळवलं होतं. पुढे ते मलाच चावणार आहे हे काही ठाऊक नव्हतं.

जयपूरला बदलून येणारं कुठलंही मराठी कुटुंब, बँकेतलं असो की केंद्र सरकारातलं, महिन्याभरात काकूंच्या हातची पाटी दाराला लावत असे. पण अक्षर कोणतं ते काकू ठरवत. तिथं कुणाचं चालायचं नाही. आधी त्या माणसाला पाकिटाच्या पाठीवर स्वतःचं नाव लिहायला लावत. मग त्याच्या घरी जाऊन जिना चढून बघत, की येणारा माणूस कुठून नाव वाचेल, उजेड कुठून पडेल. "पाटी घरातल्यांसाठी नसते," त्या म्हणत. "घरातल्यांना माहीतच असते आपण कोण. उन्हातून तीन जिने चढून जो येऊन राहिला, त्याच्यासाठी असते."

अक्षरांच्या तऱ्हांना त्यांनी स्वयंपाकघरातली नावं ठेवली होती. जाड, गोल, पोट भरल्यासारखी ती भाकरी. वेलांट्या वळवून वळवून काढलेली ती चकली. बारीक, उंच, ती शेवया. आणि शाळेच्या फळ्यावरची सरळ अक्षरं ती मास्तरी. माझ्यासाठी त्यांनी भाकरी निवडली तेव्हा मला रागच आला. मी चांगली सडपातळ होते. "नाव आधीच अवघड, त्यात अक्षर अवघड कशाला?" काकू म्हणाल्या. "कोणी दारात आलं तर दारातच अडून राहील."

कागदावरचं अक्षर पक्कं झालं की शेवटची परीक्षा रामधनजी घेत. रामधनजी म्हणजे गल्लीच्या तोंडाशी उभे राहणारे भाजीवाले. काकू गच्चीच्या कठड्याला कागद धरून वरून ओरडत, "भैया, पढ़ो ज़रा!" आणि ते गाडीपाशी उभे राहून वाचत. जिथं ते अडखळले तिथं काकू अक्षर बदलत.

बँकेत मॅनेजर होऊन आलेल्या आपटेसाहेबांना चकली हवी होती, आणि नावाखाली हुद्दाही हवा होता. काकूंनी चकलीला साफ नकार दिला. "साहेब, तीन वर्षांत तुमची बदली. ट्रकमध्ये चकलीचा चुरा होते." हुद्दा मात्र कापून दिला, पण वेगळ्या पट्टीवर, आणि ती पट्टी नावाखाली दोन आकड्यांना अडकवून दिली. "हुद्दा बदलला की पट्टी आणून द्या, दुसरी करून देईन. नावाला हात लावायचं काम नाही." आपटेसाहेब आधी रुसले. पण पुढच्या वर्षी बढती झाल्यावर पेढे घेऊन आधी काकूंकडे आले, हातात जुनी पट्टी होती.

मी झालाना भागातल्या एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करत असे. शनिवार-रविवार काकूंच्या व्हरांड्यात. हळूहळू कागद चिकटवायचं काम माझ्याकडे आलं. फर्निचरवाल्यांकडून आणलेल्या शिसवीच्या तुकड्याला पॉलिशपेपर मारायचा, कणकेची खळ शिजवायची, आणि अक्षरांच्या कागदाची गिरवलेली नक्कल एकही सुरकुती न पडता चिकटवायची; मूळ कागद काकूंच्या डब्यात परत जायचा. ती सुकली की काकू बसत. कापताना त्या अक्षर वाचत नसत. हा त्यांचा नियमच होता. "वाचलं की हात पुढे पळते. काना आला, आता वळण येईल, असं मन सांगते आणि पातं तिकडे जाते. मी फक्त पात्याखालची रेघ पाहते. कागदावर काय लिहिलं ते चिकटवणाऱ्याची जबाबदारी."

म्हणजे माझी.

ऑफिसातल्या प्रिंटरवर मी त्यांना चाळीसएक तऱ्हेची अक्षरं छापून आणून दिली होती. वाटलं होतं, नाक मुरडतील. छे! काकू साडीच्या दुकानात बसल्यासारख्या मांडी घालून बसल्या आणि एकेक कागद उलगडत गेल्या. बहुतेक बाजूला ठेवले. "सुंदर आहेत. पण ही कागदावर झोपलेली अक्षरं आहेत. लाकडात त्यांना उभं राहायचं आहे." मग त्यांनी मला ती गोष्ट शिकवली. लाकडाला रेघ असते. रेघेच्या दिशेनं ते चिवट असतं, रेघेला आडवं कापलं की बिस्किटासारखं तुटतं. आपलं नाव शिरोरेघेला लटकलेलं, म्हणून लाकडाची रेघ शिरोरेघेबरोबर धरायची. पण मग काने आणि दांड्या रेघेला आडव्या येतात. तिथं काय करायचं? तर दांडी शिरोरेघेला जिथं मिळते त्या कोपऱ्यात थोडं लाकूड जास्त सोडायचं. "अक्षराच्या काखेत मांस पाहिजे," काकू म्हणाल्या आणि स्वतःच्या काखेत हात घालून दाखवलं. साहेब पेपराआडून म्हणाले, "कुसुम, अगं पोरीसमोर काय हे!"

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

आमच्या मराठी मंडळाला एक खोली मिळाली. तिथं पुस्तकं ठेवायची, नाव 'वाचनघर', आणि संक्रांतीच्या दिवशी दुपारी उद्घाटन. पाटी काकू करणार हे गृहीतच होतं. पण अक्षर कसं असावं यावर बैठक झाली. आम्हा तरुण मंडळींना काहीतरी नवं हवं होतं. मी प्रिंट घेऊन गेले होते. उंच, सडसडीत शेवया, मागे फळी नाही, नुसती अक्षरं भिंतीवर. काकूंनी नेहमीप्रमाणे मास्तरी आणली होती. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "काकू, तुमचं अक्षर ग्रामपंचायतीसारखं दिसतं."

लोक हसले. काकूही हसल्या. त्यांनी माझा कागद उचलला, चष्मा वर करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "करू. शेवयाही करता येतात."

गच्चीवरून रामधनजींना दाखवला तर ते म्हणाले, "पढ़ तो लिया आंटीजी, पर अक्षर भूखे लग रहे हैं।" काकूंनी मग पेन्सिल घेतली आणि प्रत्येक काखेत थोडं थोडं मांस भरलं. दोन संध्याकाळी त्या पेन्सिल घेऊन बसल्या होत्या. तेव्हा त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. कागद माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "हा गिरवून चिकटव."

मी तो खोलीवर नेऊन पाहिला. माझ्या सुंदर अक्षरांच्या प्रत्येक कोपऱ्यात पेन्सिलीचे फुगवटे आले होते. गालगुंड झाल्यासारखे. मला ते बघवेनात. वाटलं, म्हाताऱ्या माणसांना सगळ्याचीच धास्ती. एवढ्या-तेवढ्यानं काय होतंय? ऑफिसातून नवी, कोरी प्रत छापून आणली आणि तीच चिकटवली. काकूंचा कागद घडी करून माझ्या पर्समध्ये ठेवला. विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाल्या असत्या, हे मला माहीत होतं. म्हणूनच विचारलं नाही.

काकू बसल्या आणि नियमाप्रमाणे त्यांनी अक्षर वाचलं नाही. फक्त पात्याखालची रेघ पाहिली. चार दिवस. इतकं स्वच्छ काम मी त्यांच्याही हातून आधी पाहिलं नव्हतं. पॉलिश झाल्यावर पाटी हातात घेतली तेव्हा मी मनातल्या मनात म्हटलं, बघा, काही होत नाही.

संक्रांतीला जयपूरचं सगळं आभाळ पतंगांचं असतं. खोलीत पन्नास-साठ माणसं, हातात तिळगूळ, आपटेसाहेब अध्यक्ष म्हणून स्टुलावर उभे. काकूंनी पाटी दोन्ही हातांनी उचलून त्यांच्याकडे वर केली. आपटेसाहेबांनी एका टोकाला धरली, आणि 'वा'चा काना निखळून फरशीवर पडला. टक् असा आवाज झाला. सगळे बघतायत तोवर 'न'चा पाय गेला. मग 'र' गेला. बाहेर कुठल्यातरी गच्चीवरून "वो काटा!" अशी आरोळी आली आणि कर्णे वाजले.

कुणी काही वाईट बोललं नाही. तीच तर अडचण. "असू दे हो काकू," आपटेसाहेब म्हणाले. "वय झालं की हात थरथरायचाच." बायका म्हणाल्या, "किती कष्ट घेतले हो या वयात." काकू खाली वाकल्या, तिन्ही तुकडे उचलले, 'वा'च्या कान्याचं तुटलेलं टोक डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. मग स्वतःचा उजवा हात उघडून पाहिला. म्हणाल्या, "हो. हात हलला असेल माझा."

माझ्या पर्समध्ये पेन्सिलीचा कागद होता. मी तो काढला नाही. मी काय केलं? जवळ गेले, काकूंच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाले, "काही नाही हो काकू, फार छान झाली होती." तिळगूळ देऊन मी गोड बोलले.

मंडळानं बाजारातून प्लास्टिकच्या अक्षरांची पाटी करून आणली. अक्षर मीच निवडून दिलं. त्यानंतर काकूंना पाटी सांगायला कुणी गेलं नाही. त्यांना त्रास नको म्हणून. मंडळात नवीन कोणी आलं तर लोक सांगत, आधी आमच्या काकू काय सुरेख पाट्या करायच्या, आता हात थरथरतो बिचाऱ्यांचा. हे माझ्यासमोर सांगत, आणि मी मान डोलवत असे.

मशीनवर काकूंनी जुनी साडी टाकली. एवढंच असतं तरी मी एखादवेळी स्वतःला माफ केलं असतं. पण त्यांनी हात हलतो हे खरंच मनावर घेतलं. चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागल्या. पाहुण्यांपुढे ट्रे साहेबांना न्यायला लावत. सुईत दोरा ओवायला माझ्याकडे देत. एकदा हळदीकुंकवाला त्यांनी कुंकवाचा करंडाच माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तू लाव सगळ्यांना. माझं बोट कुठं जाईल सांगता येत नाही." साहेब त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले. मोतीबिंदू काढला. हाताला काही झालेलं नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. काकू म्हणाल्या, "म्हातारीचं मन राखायला सांगतात तसं."

सांगायचं ठरवून मी एकदा गेले होते. कागद पर्समध्येच होता. काकू भेंडी चिरत होत्या, मी समोर बसले आणि म्हणाले, "काकू, त्या पाटीबद्दल..." त्यांनी सुरी खाली ठेवली. "त्या दिवशी तू जवळ आली ना," त्या म्हणाल्या, "म्हणून मी उभी राहू शकले बाई. नाहीतर तिथंच बसले असते." आता यानंतर कोण काय सांगणार? दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, मी नाही सांगितलं. मी उरलेली भेंडी चिरून दिली.

भित्र्या माणसाला कारणं लवकर सापडतात. आता सांगून काय उपयोग, त्यांना जास्तच वाईट वाटेल, वय झालंच आहे, कधीतरी थांबायचंच होतं. ही सगळी कारणं मी स्वतःला दोन वर्षं पुरवली. खरं कारण एकच. त्यांच्या डोळ्यांतून मला उतरायचं नव्हतं. त्यासाठी मी त्यांना त्यांच्याच डोळ्यांतून उतरू दिलं.

मग साहेबांचे गुडघे इथल्या हवेलाही जुमानेनात. दोघांनी अमरावतीला, साहेबांच्या भावाशेजारी राहायचं ठरवलं. सामान बांधायला मी गेले होते. मशीन आपटेसाहेबांच्या ओळखीनं कुठल्याशा शाळेला दिलं. व्हरांड्यात लाकडाचा वास तेवढा उरला होता. एका डब्यात त्यांनी कापलेल्या प्रत्येक नावाचा मूळ कागद जपून ठेवला होता. काकूंनी तो डबा चाळला आणि सहज म्हणाल्या, "वाचनघरचा नाही दिसत." मी म्हणाले, "हरवला असेल." तो तेव्हाही माझ्या पर्समध्येच होता. अजूनही आहे, पर्स बदलल्या तरी.

ट्रक खाली लागला. सगळ्यात शेवटी दारावरची पाटी राहिली होती. तीच, कलत्या अक्षरांची 'वानखडे'. काकूंनी स्टूल ओढलं आणि पेचकस माझ्या हातात दिला. "तू काढ, मृणा. माझा हात हलते."

मी स्टुलावर चढले. चार स्क्रू होते. पहिला काढताना ठरवलं, आता सांगते. दुसरा गंजला होता, त्यात वेळ गेला. तिसरा निघाला तेव्हा तोंड उघडलं आणि स्टुलापाशी उभ्या साहेबांनी विचारलं, किल्ल्या कुणाकडे आहेत? त्यांना किल्ल्यांचं सांगितलं आणि चौथाही काढला.

पाटी सुटली. शिसवीची फळी, त्यावर ती सगळी अक्षरं, चांगलं चार-पाच किलोचं वजन. काकूंनी ती खालून एका हातानं झेलली. उजव्या. दुसऱ्या हातात त्यांची पिशवी होती. तशीच वर धरून त्या उभ्या राहिल्या, मी स्क्रू गोळा करेपर्यंत. मी वरून त्या हाताकडे बघत होते. मनगट, बोटं, अंगठा. जरासुद्धा हलत नव्हता.

मान वर केली तर काकू माझ्याकडे बघत होत्या. किती वेळ बघत होत्या कोण जाणे. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना लांबचंही स्वच्छ दिसत असे.

"सांभाळून उतर बाई," त्या म्हणाल्या. "स्टूल हलून राहिलं."

स्टूल भक्कम होतं. साहेबांनी ते खालून घट्ट धरलेलं होतं.